स्वयंपाकघरातील वायुवीजन

स्वयंपाकघरातील वायुवीजन म्हणजे अन्न शिजवताना निर्माण होणारा धूर, वाफ, तेलाचे सूक्ष्म थेंब, ज्वलनातून निघणारे वायू, उष्णता आणि वास घराबाहेर घालवून त्यांच्या जागी बाहेरची ताजी हवा आत आणण्याची व्यवस्था होय. खिडकी, झरोका, धुराडे या नैसर्गिक साधनांनी किंवा एक्झॉस्ट पंखा, विद्युत चिमणी या यांत्रिक साधनांनी ती साधली जाते. या व्यवस्थेचा विचार बहुतेक घरांत वासाच्या निमित्ताने होतो. फोडणीचा खमंगपणा जेवणानंतर नकोसा होतो, तळलेल्या मासळीचा वास पडद्यांत आणि कपड्यांत मुरतो, तेव्हा पंखा किंवा चिमणी बसवण्याची गरज जाणवते. तथापि वास हे दूषित हवेचे केवळ एक लक्षण आहे. स्वयंपाकघरातील हवेत गंधहीन, पण वासाहून अधिक अपायकारक घटकही असतात. म्हणून वास झाकणे, वास शोषून घेणे आणि हवा बदलणे या तीन भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांपैकी केवळ तिसरीलाच वायुवीजन म्हणता येते.

संज्ञा

‘वायुवीजन’ हा शब्द ‘वायु’ आणि ‘वीजन’ (वारा घालणे) या संस्कृत शब्दांपासून बनला आहे. धूर बाहेर जाण्यासाठी बांधलेल्या उभ्या मार्गाला मराठीत ‘धुराडे’ म्हणतात. ‘चिमणी’ या शब्दाला मराठीत अनेक अर्थ आहेत. चिमणी हा पक्षी, रॉकेलवर जळणारा लहान दिवा आणि कारखान्याचे धुराडे हे त्याचे जुने अर्थ. अलीकडे शेगडीच्या वर बसवलेल्या, पंखा व गाळणी असलेल्या विद्युत उपकरणालाही सर्रास चिमणी म्हटले जाते. या लेखात धुराडे हा शब्द पंखा नसलेल्या मार्गासाठी आणि चिमणी हा शब्द विद्युत उपकरणासाठी वापरला आहे.

हवेत मिसळणारे घटक

वास : वास म्हणजे पदार्थातून उडून नाकापर्यंत पोहोचलेले रेणू. कांदा, लसूण आणि हिंग यांच्या उग्र वासाला गंधकयुक्त संयुगे कारणीभूत असतात. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या आम्लारिधर्मी संयुगामुळे येतो. लिंबू, कोकम किंवा चिंच यांतील आम्लाशी संयोग होऊन त्याचा न उडणारा क्षार बनतो, म्हणून मासळी साफ केलेल्या हातांना व भांड्यांना लिंबू चोळल्यास वास कमी होतो. तेल प्रमाणाबाहेर तापले की त्यातील ग्लिसरॉलचे विघटन होऊन अक्रोलिन हा डोळ्यांना व घशाला झोंबणारा पदार्थ तयार होतो. मिरची भाजताना किंवा फोडणीत टाकताना लागणारा ठसका कॅप्सेसिन या तिखट द्रव्याचे कण हवेत उडाल्यामुळे लागतो.

सूक्ष्म कण : तळणे, परतणे आणि भाजणे या क्रियांत तेलाचे व करपलेल्या अन्नाचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात. मोठे थेंब भिंतींवर, कपाटांवर आणि पंख्याच्या पात्यांवर बसून चिकट थर तयार करतात. वासाचे रेणू या थरात धरून राहतात आणि हळूहळू परत हवेत येतात. स्वयंपाक झाल्यावर कित्येक तासांनीही वास येत राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण मात्र हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर जातात.

ज्वलनाचे वायू : स्वयंपाकाचा गॅस म्हणजे एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो. १ किलो गॅस पूर्ण जळाला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. या हिशेबाने १४.२ किलोच्या एका घरगुती सिलिंडरमधून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने स्वयंपाकघराच्या हवेत जाते, आणि भात-आमटीची वाफ त्याहून वेगळी. हवा बाहेर गेली नाही तर ही वाफ थंड भिंतींवर जमते व बुरशीला पोषक ठरते. ज्योतीच्या उष्णतेने हवेतील नायट्रोजनपासून नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. ज्वलन अपुरे राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन व गंधहीन विषारी वायू निर्माण होतो. सरपण, गोवऱ्या किंवा कोळसा जाळताना या वायूंबरोबर काजळी व धूरही मोठ्या प्रमाणावर निघतो.

विजेच्या इंडक्शन शेगडीत ज्वलन होत नसल्याने हे वायू निघत नाहीत. परंतु तळण्याचा धूर, वाफ आणि वास तिच्यावरही निर्माण होतातच. त्यामुळे इंधन बदलल्याने वायुवीजनाची गरज कमी होते, संपत नाही.

आरोग्याशी संबंध

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लाख ३७ हजारांहून अधिक बालके होती. यांतील बहुतांश प्रदूषण लाकूड, शेण, कोळसा आणि रॉकेल यांच्या धुरामुळे होते. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे दीर्घकालीन आजार, फुप्फुसाचा कर्करोग आणि बालकांमधील न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे.

भारतातील चुलीच्या धुराचे आरंभीचे पद्धतशीर मोजमाप अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत केले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात येणारी हवा किती दूषित असते हे त्यातून पुढे आले आणि वायुप्रदूषण हा केवळ कारखाने व वाहने यांचा प्रश्न आहे या समजाला धक्का बसला.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घरात कोळसा जाळल्याने होणारे उत्सर्जन ‘मानवात कर्करोगकारक’ या पहिल्या गटात ठेवले. लाकडासारख्या जैव इंधनाचा घरातील धूर आणि उच्च तापमानाला तळताना निघणारी वाफ ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहेत. म्हणजे तळणीच्या धुराचा प्रश्न गॅस आल्याने आपोआप सुटत नाही.

धूर बाहेर काढल्याने किती फरक पडतो, याचे लक्षणीय उदाहरण चीनच्या युन्नान प्रांतातील शुआनवेई येथे आढळते. तेथे धूर करणारा कोळसा घरातील उघड्या खळग्यात जाळण्याची रीत होती आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. ज्या कुटुंबांनी धुराडे असलेली शेगडी स्वीकारली, त्यांच्यात या रोगाचे प्रमाण कालांतराने बरेच घटल्याचे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. इंधन तेच राहूनही केवळ धुराला बाहेरची वाट मिळाल्याने हा फरक पडला होता.

इतिहास

पारंपरिक घरे : महाराष्ट्रातील जुन्या घरांत धूर बाहेर जाण्याची सोय घराच्या बांधणीतच केलेली असे. कोकणातील कौलारू घरांत कौलांच्या फटींतून धूर झिरपून जाई. माळवदाच्या घरांत छताला भोक ठेवलेले असे. त्याला सवणे म्हणत. त्यातून उजेड येई आणि धूर निघून जाई. वाड्यांमध्ये स्वयंपाकघर मागील बाजूस, परसाकडे असे आणि त्याच्या भिंतीत उंचावर झरोका ठेवलेला असे. धुराचे काही उपयोगही होते. आढ्याच्या लाकडांना त्यामुळे कीड कमी लागे आणि चुलीवर टांगलेली बियाण्याची कणसे टिकत. परंतु पावसाळ्यात ओले सरपण, बंद झरोके आणि फुंकणीने चूल पेटवत बसलेली गृहिणी हे चित्र सार्वत्रिक होते.

निर्धूर चुली : धूर कमी करण्याच्या संघटित प्रयत्नांत वर्ध्याचा वाटा मोठा आहे. मगनवाडी येथे जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९४० च्या दशकात ‘मगन चूल’ प्रसारात आणली. मातीच्या या चुलीत एकच जाळ ओळीने ठेवलेल्या भांड्यांखालून फिरून शेवटी धुराड्यावाटे बाहेर जाई. पुढे हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी अशाच तत्त्वावरची चूल तयार केली आणि १९५३ साली ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ या पुस्तिकेतून तिचा प्रचार केला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात या चुलींच्या प्रसाराचे काम पुण्यातील ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानविषयक संस्थेनेही केले.

या प्रयत्नांतून एक धडा मिळाला. ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुधारित चुलींमुळे पहिल्या वर्षी श्वासातील धूर कमी झाल्याचे, पण नंतर तो लाभ टिकला नसल्याचे आढळले. चुलींची दुरुस्ती व धुराड्याची सफाई नियमित होत नव्हती आणि त्यांचा वापरही कमी होत गेला होता.

गॅस आणि सदनिका : शहरांत आधी कोळशाची शेगडी, मग रॉकेलचा स्टोव्ह आणि नंतर गॅस असे बदल होत गेले. चाळींतील लहान बिऱ्हाडांत स्टोव्ह बहुधा राहत्या खोलीतच असे. सदनिकांमध्ये ओटा आला, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि शेगडी जमिनीपासून कमरेच्या उंचीवर आली. धुराडे नाहीसे झाले व त्याची जागा खिडकीतील एक्झॉस्ट पंख्याने घेतली. ग्रामीण भागात १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे गॅसजोडण्यांचा प्रसार वाढला. तरीही सिलिंडरच्या खर्चामुळे अनेक घरांत गॅसबरोबर चूलही वापरात आहे. गॅस आल्यावर धूर दिसेनासा झाला, तशी हवा बाहेर काढण्याच्या सोयीची निकडही अनेकांना वाटेनाशी झाली.

तत्त्वे

स्वयंपाकघरातील हवा तीन कारणांनी हलते. पहिले कारण उष्णता. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून वर निकास आणि खाली प्रवेश ठेवल्यास पंख्याविनाही हवा खेळते. धुराडे याच तत्त्वावर चालते आणि ते जितके उंच तितकी त्याची ओढ अधिक. दुसरे कारण वारा. समोरासमोरच्या भिंतींत उघडी जागा असेल तर हवा आरपार जाते. तिसरे कारण पंख्याने निर्माण केलेला दाबातील फरक.

या तिन्ही प्रकारांत एक नियम समान आहे. जितकी हवा बाहेर जाते तितकीच आत यावी लागते. दारे-खिडक्या घट्ट बंद करून चिमणी लावल्यास पंख्याचा आवाज येतो, पण हवा फारशी हलत नाही. पंखा प्रबळ असेल तर तो मिळेल त्या मार्गाने हवा ओढतो. अशा वेळी न्हाणीघराच्या कोरड्या पडलेल्या जाळीतून सांडपाण्याचा वास घरात येऊ शकतो. म्हणून पंखा चालू असताना दूरची एखादी खिडकी किंचित उघडी असणे किंवा दाराखाली फट असणे आवश्यक असते.

आत येणाऱ्या हवेची जागाही महत्त्वाची असते. एक्झॉस्ट पंख्याला लागूनच खिडकी उघडी असेल तर पंखा त्या खिडकीतील ताजी हवाच ओढून पुन्हा बाहेर टाकतो आणि शेगडीवरचा धूर जागेवर राहतो. हवा एका टोकाने आत येऊन शेगडीवरून जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडावी, अशी रचना सर्वांत परिणामकारक असते. हवेचा प्रवाह कोणत्या दिशेने आहे हे उदबत्तीच्या धुरावरून सहज कळते.

साधने

खिडकी आणि झरोका : ही सर्वांत साधी व बिनखर्चाची साधने आहेत. मात्र ती वाऱ्यावर अवलंबून असतात. वारा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येत असेल तर वास बाहेर जाण्याऐवजी बैठकीच्या खोलीत पसरतो. डास रोखण्यासाठी लावलेल्या बारीक जाळीमुळे हवेचा प्रवाह कमी होतो आणि जाळी तेलकट झाल्यास तो आणखी घटतो.

एक्झॉस्ट पंखा : हा भिंतीत किंवा खिडकीच्या वरच्या भागात, शक्यतो शेगडीच्या जवळ आणि छताखाली बसवतात. तो संपूर्ण खोलीतील हवा बदलतो, त्यामुळे धूर आधी खोलीत पसरतो आणि मग बाहेर जातो. किंमत कमी, सफाई सोपी आणि वीज थोडी हे त्याचे गुण आहेत.

विद्युत चिमणी : ही शेगडीच्या थेट वर असल्याने धूर पसरण्याआधीच पकडते. हा फरक मोठा आहे. ब्रिटनच्या इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत शेगडीलगतच्या पंख्याने सेकंदाला किमान ३० लिटर हवा बाहेर काढावी असे सांगितले आहे. पंखा स्वयंपाकघरात अन्यत्र असेल तर हेच प्रमाण ६० लिटर आहे. चिमणी शेगडीपेक्षा अरुंद नसावी. तिची उंची सामान्यतः शेगडीपासून ६५ ते ७५ सेंटिमीटर ठेवतात. ती अधिक उंच असल्यास धूर बाजूंनी निसटतो आणि अधिक खाली असल्यास ज्योतीची धग लागते. छताचा पंखा किंवा खिडकीतील आडवा वारा शेगडीवरून वर जाणारा धूर विस्कटून टाकतो, त्यामुळे चांगली चिमणीही निष्प्रभ ठरू शकते. भिंतीला लावलेल्या चिमणीखाली मागील बर्नरवरचा धूर पुढील बर्नरवरच्या धुरापेक्षा चांगला पकडला जातो. म्हणून तळण मागील बर्नरवर करणे श्रेयस्कर असते.

चिमणीतील गाळणी जाळीची किंवा वळणदार धातुपट्ट्यांची असते. पट्ट्यांच्या गाळणीत हवा वळताना तेलाचे जड थेंब पट्ट्यांवर आपटून खाली गळतात. फोडणी व तळण अधिक असलेल्या स्वयंपाकाला ती सोयीची पडते. जाळीची गाळणी लवकर भरते. काही चिमण्यांत गाळणी नसते व तेल वाटीत साठते.

चिमणीचा नळ आखूड, सरळ आणि चिमणीच्या तोंडाइतक्याच व्यासाचा असावा. प्रत्येक काटकोनी वळणामुळे हवेला अडथळा होतो. पन्हळीदार लवचीक नळाच्या खाचांत तेल साचते, तेव्हा गुळगुळीत कडक नळ अधिक चांगला. नळाच्या बाहेरच्या टोकाला पाऊस, उलटा वारा आणि पक्ष्यांची घरटी रोखणारे झाकण लागते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून जोराचा वारा येतो, त्यामुळे शक्य असल्यास नळाचे तोंड त्या दिशेला ठेवत नाहीत.

नळ नसलेली चिमणी : काही चिमण्या हवा बाहेर टाकत नाहीत. तेलाच्या गाळणीतून आणि कोळशाच्या गाळणीतून फिरवून ती परत खोलीतच सोडतात. सक्रिय कोळसा वासाचे बरेच रेणू धरून ठेवतो, म्हणून वास कमी झाल्यासारखा वाटतो. परंतु वाफ, उष्णता, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड खोलीतच राहतात. कोळशाची धारणशक्तीही काही महिन्यांत संपते व तो बदलावा लागतो. बाहेरची भिंत नसलेल्या जागी हा पर्याय निरुपायाने स्वीकारला जातो. त्याच्या जोडीला खिडकी उघडणे आवश्यक असते. परदेशांतील अनेक सदनिकांत शेगडीवर अशीच यंत्रे असतात. थंडीमुळे खिडक्या बंद असलेल्या अशा घरांत भारतीय कुटुंबांना फोडणीच्या वेळी धूरसूचक घंटा वाजण्याचा अनुभव येतो.

क्षमतेचा हिशेब

खोलीतील सर्व हवेच्या आकारमानाइतकी हवा तासात किती वेळा बदलते, या संख्येने वायुवीजन मोजतात. उदाहरणार्थ, ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच स्वयंपाकघराचे आकारमान सुमारे २० घनमीटर असते. त्यातील हवा तासाला १५ वेळा बदलायची असेल तर पंख्याने तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर टाकली पाहिजे.

हवा ‘एकदा बदलली’ म्हणजे जुनी हवा पूर्ण गेली असे होत नाही. ताजी हवा आत येताना जुन्या हवेत मिसळते, त्यामुळे एका बदलात सुमारे ६३ टक्के आणि तीन बदलांत सुमारे ९५ टक्के जुनी हवा बाहेर जाते. वरील उदाहरणात एक बदल ४ मिनिटांत होतो, म्हणून हवा जवळजवळ स्वच्छ व्हायला १२ मिनिटे लागतात. स्वयंपाक संपल्यावर पंखा आणखी १० ते १५ मिनिटे चालू ठेवावा, या व्यवहारातील सल्ल्यामागे हेच गणित आहे. ज्या खोलीत हवा तासाला केवळ तीनदा बदलते, तेथे याच कामाला तास लागतो.

भारतीय बाजारातील चिमण्यांवर तासाला १००० ते १५०० घनमीटर असे आकडे छापलेले असतात. गाळणी, नळाची लांबी आणि वळणे यांमुळे प्रत्यक्ष क्षमता यापेक्षा कमी भरते. मोठ्या आकड्यापेक्षा आखूड नळ आणि आत येणाऱ्या हवेची सोय यांनी अधिक फरक पडतो.

वास कमी करण्याचे अन्य उपाय

भांड्यावर झाकण ठेवणे, तेल धुरावेपर्यंत न तापवणे आणि पंखा शेगडी पेटवण्याआधीच सुरू करणे यांमुळे मुळात कमी वास पसरतो. वर्षाचा मसाला भाजणे किंवा मिरच्या परतणे ही कामे अनेक घरांत उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर केली जातात, ती याच कारणाने. सुके बोंबील किंवा सुकट भाजताना स्वयंपाकघराचे आतले दार बंद ठेवल्यास वास घरभर जात नाही. टॉवेल, पडदे आणि पायपुसणी वास धरून ठेवतात. ती वेळोवेळी धुतल्याशिवाय केवळ हवा बदलून वास पूर्णपणे जात नाही. ओटा, फरशी आणि भिंतीवरील तेलाचा थर पुसणे तितकेच आवश्यक असते.

उदबत्ती, धूप किंवा सुगंधी फवारा यांनी वास झाकला जातो, नाहीसा होत नाही. उदबत्ती व धूप जळताना स्वतःही सूक्ष्म कण सोडतात, त्यामुळे बंद खोलीतील हवा आणखी दूषित होते. शिवाय नाकाला वासाची लवकर सवय होते. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला काही वेळाने जो वास जाणवत नाही, तोच बाहेरून आलेल्याला तत्काळ जाणवतो. म्हणून वास येईनासा होणे हा हवा शुद्ध झाल्याचा पुरावा मानता येत नाही.

देखभाल

चिमणीची गाळणी वापरानुसार आठवड्या-पंधरवड्याने गरम पाणी व साबण किंवा धुण्याचा सोडा वापरून धुतात. अॅल्युमिनियमची गाळणी सोड्याने काळवंडते, तिला सौम्य साबण पुरेसा असतो. एक्झॉस्ट पंखा साफ करताना त्याचा वीजपुरवठा तोडणे आवश्यक असते. पात्यांवर तेल साचले की हवा कमी ओढली जाते, आवाज वाढतो व मोटार तापते. साचलेले तेल पेट घेऊ शकते, त्यामुळे तेलाची वाटी रिकामी करणे आणि नळ वेळोवेळी उघडून पाहणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही गरजेचे आहे. चुलीच्या धुराड्यातील काजळीही नियमित काढावी लागते. अन्यथा धूर उलट घरात येतो.

सुरक्षितता

एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. उंचावरील पंख्याने तो सहज बाहेर जात नाही. गॅसचा वास आल्यास एक्झॉस्ट पंखा किंवा चिमणी सुरू करू नये आणि चालू असल्यास बंदही करू नये, कारण बटणातील ठिणगीने स्फोट होऊ शकतो. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. नळाद्वारे पुरवला जाणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका असून छताकडे जातो. त्यासाठी वरचा झरोका उपयोगी पडतो. बटणांबाबतची खबरदारी दोन्ही वायूंना सारखीच लागू आहे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीव होत नाही. घरात गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब असेल आणि सर्व खिडक्या बंद असताना प्रबळ चिमणी चालू असेल, तर बंबाचे वायू बाहेर जाण्याऐवजी घरात ओढले जाण्याचा संभव असतो. कढईतील तेलाने पेट घेतल्यास चिमणी व गॅस बंद करून झाकण ठेवतात. पाणी कधीही ओतत नाहीत.

नियम आणि सामाजिक पैलू

भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वयंपाकघराला किमान १ चौरस मीटरची, थेट मोकळ्या जागेत उघडणारी खिडकी असावी आणि ती इमारतीतील बंदिस्त पोकळीत उघडू नये, अशी तरतूद आहे. बंदिस्त पोकळीत सोडलेली हवा निघून न जाता वरच्या मजल्यावरील घरांत शिरते. शेजाऱ्यांच्या चिमण्यांचे नळ एकाच सामाईक मार्गात सोडलेले असतील आणि त्यांना एकदिशा झडप नसेल, तर एका घरातील वास दुसऱ्या घरात येतो. गृहनिर्माण संस्थांमधील अनेक तक्रारींचे मूळ अशा रचनेत असते. शेजाऱ्याच्या आहाराविषयीची नाराजी म्हणून मांडला जाणारा वाद अनेकदा वस्तुतः चुकीच्या जागी सोडलेल्या नळाचा असतो. मासळी, सुकट किंवा लसणाची फोडणी हा कुणाच्या रोजच्या जेवणाचा भाग असतो आणि कुणाला तोच वास असह्य होतो. हवेला योग्य वाट दिल्यास दोघांचीही सोय होते.

स्वयंपाकघर घराच्या कोणत्या बाजूला असावे याविषयी वास्तुशास्त्रात आग्नेय दिशा सांगितली आहे. वायुवीजनाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे त्या ठिकाणचा वारा. प्रचलित वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूस स्वयंपाकघर असल्यास धूर व वास अन्य खोल्यांत न जाता बाहेर जातो. पश्चिमेकडून वारा येणाऱ्या ठिकाणी पूर्वेकडील बाजू सोयीची ठरते, परंतु सर्वत्र तसे होत नाही.

स्वयंपाकघरातील हवा सर्वाधिक काळ घेणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्री असते, आणि तिच्याजवळ लहान मुले असतात. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना दर्शनी खोलीतील वास हा निकष धरला, तर स्वयंपाकघराचे दार लावून घेण्याने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. शेगडीसमोर उभ्या असलेल्या व्यक्तीचा श्वास हा निकष धरला, तर हवा त्या खोलीतून बाहेर जाण्याची आणि ताजी हवा तेथे येण्याची अशा दोन्ही वाटा ठेवाव्या लागतात.